एक नाव, दोन फाइली

कार्यालयांतल्या संगणकांचं जाळं सांभाळणं हा माझा व्यवसाय. गेल्या वर्षी एका सहकारी संस्थेत ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी दिसल्या. नावात काडीचा फरक नाही. एकीत नवे सभासद होते, दुसरीत नव्हते. आणि छपाईला गेली होती दुसरी!

घोळ होता तो ‘ऱ’ या अक्षराचा. युनिकोडमध्ये ते दोन प्रकारे लिहिता येतं. एक तर त्याचा स्वतंत्र क्रमांक आहे, नाहीतर साधा र आणि त्याखाली नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण लिनक्सला अक्षर कळत नाही, बाइट कळतात. यूटीएफ-8 मध्ये पहिल्या ऱ चे तीन, दुसऱ्याचे सहा. म्हणून नावं दोन. विंडोज आणि लिनक्स यांच्यात दुभाष्याचं काम करणारं साम्बा 2003 सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून युनिकोड बोलतं, पण ही दोन रूपं एक करत नाही. मला ते बरंच वाटतं. दुभाष्याने आपल्या मनाने नावं बदलू नयेत.

देवनागरीचं आणखी एक दुखणं आहे. लिनक्सवर नाव साधारणपणे 255 बाइटांत बसावं लागतं आणि आपल्या प्रत्येक चिन्हाला, अगदी काना-मात्रेलाही, तीन बाइट लागतात. म्हणजे जेमतेम 85 चिन्हं. ठरावाचा अख्खा विषय फाइलच्या नावात लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

‘कन्व्हएमव्ही’ नावाचा छोटा प्रोग्रॅम नावं एका रूपात आणतो. आधी तो नुसतं दाखवतो. बजावून सांगितल्यावरच बदलतो. पण त्या दोन याद्या आम्हाला ओळीओळीने ताडूनच एक कराव्या लागल्या.