स्वतःच्या पायावर उभा माळा



आज जरा घरगुती विषय घेऊन आलोय. एप्रिल जवळ आला की इथल्या भारतीय शाळांचं नवं वर्ष सुरू होतं आणि आपल्यापैकी बऱ्याच घरांत तीच चर्चा रंगते. मुलांच्या खोलीत अभ्यासाचं टेबल ठेवायचं कुठे? फ्लॅट दोन बेडरूमचा, मुलं दोन, त्यात आजी तीन महिन्यांसाठी राहायला येणार. मग कुणीतरी सुचवतं, लॉफ्ट बेड घ्या की. वर झोपायचं, खाली टेबल.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच झालं. मी आईला फोटो पाठवला तर ती म्हणाली, "अरे, हा तर आपला माळाच!" माझं लहानपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं. १६० चौरस फुटांची खोली आणि माणसं सात. माळ्यावर मी आणि काका झोपायचो. तेव्हा आईचं म्हणणं मला पटलंच.

पण एक मोठा फरक माझ्या लक्षात आला नाही. चाळीतला माळा भिंतींच्या आधारावर बसवलेला असायचा. लॉफ्ट बेड मात्र स्वतःच्या चार पायांवर उभा राहतो. जे काम भिंत करायची ते आता त्याच्या जोडांनी करायचं असतं.

मी काय केलं? दुकानात गेलो आणि एकच प्रश्न विचारला, "लाकूड कोणतं?" उत्तर आलं, "सॉलिड शिसम, सर." हात लावून पाहिला, जड वाटला, घेतला. वर गादीचं कॉम्बो ऑफर होतं, दहा इंची मऊ गादी. तीही घेतली. दिवसभर ऑफिसात लोकांना सांगतो, आधी गरजा लिहून काढा, मग सिस्टीम निवडा. घरी मात्र कागद-पेन हातात घेतलं नाही.

तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठलो आणि मुलांच्या खोलीत डोकावलो. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. गाढ झोपेत ती कडेला सरकली होती. तिचा एक हात आणि अर्धी पाठ कठड्याच्या वर आली होती. मी तिला आत ढकललं आणि सकाळपर्यंत खालीच बसून राहिलो. उजाडल्यावर टेप लावून मोजलं. पट्ट्यांपासून कठडा बारा इंच, त्यात गादी दहा इंच. म्हणजे माझ्या मुलीला अडवायला उरले होते दोन इंच.

त्या दिवशी वाचायला बसलो. अमेरिकेत अशा उंच पलंगांसाठी २००० सालापासून सक्तीचे नियम आहेत. कठड्याचा वरचा काठ गादीच्या वर किमान पाच इंच हवा. कठडा दोन्ही बाजूंना हवा, पलंग भिंतीला टेकवला असला तरी, कारण भिंत आणि गादीच्या फटीत मूल अडकू शकतं. कठड्यातली फट साडेतीन इंचांपेक्षा मोठी नको. सहा वर्षांखालचं मूल वर झोपवायचं नाही. युरोपातही यासाठी ईएन ७४७ नावाचं मानक आहे. तेव्हा तुम्ही दुकानात जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा. हा पलंग यांपैकी कोणत्या मानकाप्रमाणे तपासलेला आहे, आणि जास्तीत जास्त किती जाडीची गादी चालेल? चांगल्या पलंगावर ही जाडी लिहिलेली किंवा खुणेने दाखवलेली असते. आणि टेप खिशात ठेवा. पट्ट्यांपासून कठड्याची उंची मोजा, त्यातून गादीची जाडी वजा करा. पाच इंच उरत नसतील तर गादी बदला किंवा पलंग.

आता लाकडाकडे येऊ. सॉलिड वूड म्हणजे अखंड लाकूड, पण पलंगाचा कोणता भाग अखंड, हे विचारायला हवं. कधी पाय शिसमचे असतात आणि लांबीच्या आडव्या फळ्या एमडीएफवर पातळ साल चिकटवलेल्या. ओळखायची सोपी युक्ती सांगतो. फळीची कापलेली कड बघा. वरच्या बाजूच्या रेषा कडेवरही पुढे गेलेल्या दिसल्या तर लाकूड अखंड. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली दिसली तर शंका घ्या. पट्टीच्या मध्यभागी मोठी गाठ नको, लाकूड तिथेच आधी तडकतं.

सागवान की शिसव की पाईन, यावर घराघरांत वाद होतात. दुबईच्या खाडीत दिसणाऱ्या जुन्या लाकडी जहाजांसाठी मलबारचं सागवान यायचं. पाणी आणि दमट हवा सोसण्यात त्याला तोड नाही. शिसव जड आणि कणखर. पाईन हलकं आणि मऊ, पण जाड पाय आणि नीट जोड असतील तर तेही छान चालतं. नाजूक जोडांच्या शिसमपेक्षा भक्कम जोडांचं पाईन केव्हाही बरं.

जोड कसे तपासायचे? आगपेटीचं बाहेरचं कव्हर हातात घ्या आणि एका कोपऱ्यातून दाबा. ते लगेच कलतं. आतली डबी घालून दाबा, कलत नाही. लॉफ्ट बेडही तसाच. नुसते चार पाय आणि वर चौकट असेल तर तो डुलतो. त्याला मागे तिरकी पट्टी किंवा बाजूला रुंद फळी हवी. दुकानात वरचा कोपरा धरून जरा जोरात हलवा. विक्रेता बघत असला तरी हलवा. नवा असतानाच डुलणारा पलंग पुढे काय करेल, ते सांगायला नको. भार किती किलोचा, तेही विचारा. चादर बदलायला आणि गोष्ट सांगायला आपणही वर चढणार असतो.

आपल्यासारख्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. आपण इथे भाड्याने राहतो. भाडं वाढलं, शाळा बदलली, नोकरी बदलली की घर बदलतं. पलंग दर वेळी उघडतो आणि पुन्हा जोडला जातो. थेट लाकडात पिळलेला स्क्रू दोन-तीन वेळा काढला की भोक सैल होतं आणि मग तो धरत नाही. एमडीएफमध्ये तर आणखी लवकर. म्हणून आरपार बोल्ट आणि त्याला धातूचा नट, अशी जोडणी मागा. एमबीएत शिकवतात, नुसती किंमत बघू नका, वस्तू जितकी वर्षं वापराल तितक्या वर्षांचा सगळा खर्च बघा. एका शिफ्टिंगमध्ये मोडणारा स्वस्त पलंग महागच पडतो. उघडताना प्रत्येक जोडावर पेन्सिलने नंबर घाला आणि नटबोल्ट पिशवीत भरून पट्टीलाच चिकटवा.

आणि इथलं हवामान. जुलैत आपण भारतात जातो, घर बंद, एसी बंद. दमट हवेत लाकूड फुगतं. ऑगस्टअखेर परत येऊन एसी लावला की ते आकसतं आणि बोल्ट ढिले पडतात. म्हणून शाळा उघडण्याआधी पाना घेऊन सगळे बोल्ट एकदा आवळा. दहा मिनिटांचं काम आहे, पण माझ्या मते वर्षभरातलं सगळ्यात महत्त्वाचं.

खोलीतली जागाही नीट निवडा. पलंग खिडकीजवळ नको, बाल्कनीच्या दाराशीही नको. आपण दहाव्या, विसाव्या मजल्यावर राहतो आणि उंच पलंग म्हणजे मुलाला खिडकीपर्यंत पोचवणारी पायरी. एसीचा झोत थेट डोक्यावर येणार नाही, हे बघा. छतावरच्या स्प्रिंकलरखाली हात पोचेल अशी झोपायची जागा नको, त्याला काही अडकवणं तर मुळीच नको. आमच्या खोलीची उंची २७० सेंटीमीटर. टेबलासाठी खाली १५०, चौकट आणि गादीला २५, वर उरले ९५. मुलगी ताठ बसू शकते. तुमच्या घरचं गणित तुम्ही करा. पलंग भिंतीला बोल्टने जोडायचा असेल तर भिंत ब्लॉकची आहे की जिप्समची ते आधी बघा, आणि घरमालकाची परवानगी घ्या.

आमच्या पलंगाचं पुढे काय झालं? परत केला नाही. सहा इंची गादी आणली. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका सुताराकडून कठड्यावर आणखी एक आडवी पट्टी बोल्टने बसवून घेतली आणि मागे एक तिरकी. त्याने पलंग एकदाच हलवून पाहिला आणि म्हणाला, "साहब, लकडी अच्छी है, बस पकड़ नहीं थी." मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, म्हणून दिवसा शिडी काढून ठेवायचो. तो सहाचा होईपर्यंत वर जाण्यावर बंदी. रडारड झाली, पण नियम मोडला नाही.

मग आई आली. खालच्या जागेत टेबलाशेजारी तिची गादी. रात्री नात वरून विचारायची, "आजी, तुमच्या माळ्यावरून काय दिसायचं?" आणि आई खालून सांगत राहायची. मी दाराशी उभा राहून ऐकायचो. आता मला राखण करत बसावं लागत नव्हतं.

तेव्हा मंडळी, या सुट्टीत खरेदीला निघालात तर लाकडाचं नाव नक्की विचारा, पण सगळ्यात शेवटी. आधी कठडा मोजा, मग कोपरा धरून हलवा, मग जोड उघडून परत बसतो का ते बघा. आणि पलंग आधीच घरात असेल, तर आज रात्री मुलं झोपायच्या आधी टेप घेऊन त्या खोलीत एक चक्कर मारा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.