तिसरा पाइप

माशांच्या टाकीला भोक पाडतो म्हणालो, तर आई म्हणाली, ‘पाणी साठवायचंय की सांडायचंय?’ प्रश्न रास्त होता. आधीच्या टाकीतून खालच्या टाकीत पाणी उतरवायला एकच पाइप होता. एका रात्री त्याच्या तोंडाशी गोगलगाय अडकली. पंप पाणी वर चढवतच राहिला. सकाळी सतरंजी चिंब!

या वेळी काच टफन्ड नाही, याची आधी खात्री केली. तशी काच भोक पाडताना फुटून चुरा होते. साध्या काचेला हिऱ्याच्या कणांचं गोल बिट, मंद वेग आणि सतत पाणी लागतं. जोर दिला की तडा गेलाच.

मग तीन पाइप बसवले. पहिल्याचा व्हॉल्व्ह इतका आवळला, की तो पाण्यानं गच्च भरून वाहावा. हवा शिरली नाही की गुडगुड नाही. दुसऱ्यातून उरलंसुरलं पाणी ओघळतं. तिसरा सर्वांत उंच, एरवी कोरडा, बिनव्हॉल्व्हचा. त्याचा आवाज हीच धोक्याची घंटा. वीज गेल्यावर वरून उतरणारं पाणी मावावं, म्हणून खालची टाकी थोडी रिकामी ठेवली.

परवा मुद्दाम पहिले दोन पाइप बंद केले. पाणी तिसऱ्यातून खळखळत उतरलं, जमिनीवर थेंब नाही. आई म्हणाली, ‘आता निवांत झोप.’