लहान गाडी, मोठा रस्ता

मी तंजावूरहून बोलतोय. भोसल्यांच्या काळात इकडे येऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. बोलण्यात मधूनच तमिळ वळण येईल, सांभाळून घ्या.

आजचा विषय मात्र इतिहासाचा नाही, दारातल्या गाडीचा आहे. आमची टाटा नॅनो २०११ सालची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, ती मुदत आता संपते आहे. पुन्हा नोंदणी करायची की गाडी मोडीत काढायची? घरात महिनाभर हाच वाद चालला. तो हिशेब तुमच्यापुढे मांडतो.

आधी जमेची बाजू. आमच्या गावात चार राजवीथी आहेत. मोठ्या देवळाचा रथ त्यांवरून फिरतो, म्हणजे रस्ते रुंदच. पण आमचं घर आहे आतल्या ‘संदु’त, म्हणजे बोळात. समोरून रिक्षा आली की कुणीतरी एकाने मागे जायचं. नॅनोची लांबी ३.१ मीटर, रुंदी दीड मीटर आणि वळण्याची त्रिज्या ४ मीटर. बोळाच्या तोंडाशी इतर गाड्या दोनदा मागेपुढे करतात, ही एका दमात वळते.

दुसरं, आई. तिचं वय ८४, दोन्ही गुडघे धरलेले. गाडी १.६५ मीटर उंच आहे आणि बैठकही उंच. वाकावं लागत नाही, खुर्चीवर बसावं तशी ती बसते. मोठ्या गाड्यांत चढताना-उतरताना तिला दोघांचा आधार लागतो. इथे तिची काठी पुरते.

आता उणी बाजू. आमच्या मॉडेलचं मागचं दार उघडतच नाही. ती सोय २०१५च्या नॅनोत आली. तांदळाचं पोतं ठेवायचं तर मागचं आसन पाडा. पेट्रोल भरायला पुढचं बॉनेट उघडा. पंपावरचा नवा मुलगा हमखास गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो. पुढचे टायर अरुंद, मागचे रुंद, म्हणून अदलाबदल करता येत नाही. पण हे सगळं अंगवळणी पडतं.

अंगवळणी पडू नये अशी गोष्ट एकच आहे. २०१४ साली ग्लोबल एनकॅपने ताशी ६४ किलोमीटर वेगाने नॅनोची धडक चाचणी घेतली. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तारे मिळाले शून्य. एअरबॅग नाही, एबीएस नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक. वजन सुमारे ६०० किलो.

मुलीला तिरुचीला नोकरी लागली. अंतर ५५ किलोमीटर, चौपदरी हमरस्ता. ती म्हणाली, ‘‘अप्पा, मी नॅनो नेते.’’ मी नाही म्हणालो. तिने विचारलं, ‘‘माझ्यासाठी धोक्याची, मग आजीला कशी चालते?’’

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण याच गाडीतून आम्ही चौघं कितीतरी वेळा कुंभकोणमला गेलो होतो. समोरून येणाऱ्या बसच्या वाऱ्याने गाडी हलायची, आणि आम्ही हसायचो. आता आठवलं की पोटात गोळा येतो.

रात्री विचार करून तिला सांगितलं. आजीला मी दवाखान्यात नेतो, तेव्हा काटा तिशीच्या वर जात नाही. तिथे गाडीचा हलकेपणा कामाचा. हमरस्त्यावर मागे लॉरी असते, तिथे तोच हलकेपणा जिवावर येतो. गाडी तीच, रस्ता वेगळा.

स्कूटरवर चौघांना घेऊन जाणारं कुटुंब पाहून रतन टाटांना ही गाडी सुचली. स्कूटरपेक्षा ती नक्कीच सुरक्षित. पण आपण तिची तुलना स्कूटरशी करून घेतो आणि चालवतो मात्र मोठ्या गाडीसारखी. चूक तिथे होते.

शेवटी ठरलं ते असं. नोंदणी पुन्हा करायची. गाडी गावातच फिरेल, बायपास ओलांडणार नाही. मुलगी बसने जाते. आईच्या डोळ्यांसाठी तिरुचीला जायचं झालं तर टॅक्सी, मग भाडं कितीही पडो. हा नियम मलाही लागू, कारण तो मीच आजवर मोडत आलो.

तुम्हीही छोटी गाडी घेणार असाल, तर किंमत विचारण्याआधी एक करा. ती कुठल्या रस्त्यावर, किती वेगाने आणि कुणाला बसवून चालवणार, हे कागदावर लिहून काढा. गुण-दोष त्या कागदावरच दिसतील.