एकाच घरातील दोन एकटे पालक



सत्कारसमारंभात एक वाक्य हटकून कानी पडते. 'या माउलीने आई आणि बाप अशा दोन्ही भूमिका एकटीने पार पाडल्या.' टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ दिले जाते आणि मंडळी आपापल्या घरी जातात. ती माउलीही घरी जाते. दुसऱ्या दिवशीचा डबा, शाळेची फी आणि कार्यालयातील हजेरीपट तिची वाट पाहत असतात. एका माणसाने दोन माणसे व्हावे, ही अपेक्षा मुळात न्याय्य आहे काय, हा प्रश्न त्या टाळ्यांमध्ये राहून जातो.

उत्तरासाठी फार दूर जावयास नको. वर्ध्याच्या केळकरांच्या घरी जावे. राष्ट्र सेविका समितीच्या संस्थापिका वंदनीय लक्ष्मीबाई केळकर, म्हणजेच मावशी, यांचे चरित्र येथे बसलेल्या बहुतेकांना परिचित आहे. तथापि त्या चरित्राकडे एका दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. त्या घराने एकटे पालक एकदा नव्हे, दोनदा पाहिले.

पहिले एकटे पालक म्हणजे पुरुषोत्तमराव केळकर. वर्ध्यातील वकील, प्रथम पत्नीचे निधन झालेले, पदरी दोन मुली. समाजाजवळ त्यांच्यासाठी उत्तर तयार होते. नागपूरच्या दाते यांच्या घरची चौदा वर्षांची कमल १९१९ साली त्या घरात लक्ष्मी होऊन आली आणि उंबरठा ओलांडताच दोन मुलींची आई झाली. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

१९३२ मध्ये पुरुषोत्तमराव गेले. लक्ष्मीबाईंची तिशीही उलटली नव्हती. सहा मुलगे, लग्नाची एक मुलगी, घरदार, कोर्टकचेरीची कागदपत्रे. या वेळी मात्र समाजाजवळ तयार उत्तर नव्हते. होता तो फक्त उपदेश. एकाच घरात, तेरा वर्षांच्या अंतराने, एकटेपणाचे हे दोन न्याय! पुरुषाला सोबत मिळाली आणि स्त्रीला सहनशीलतेची शिकवण.

मावशींनी काय केले? त्यांनी बाप होण्याचा प्रयत्न केला नाही, येथेच त्यांचे वेगळेपण आहे. घराचा काही भाग त्यांनी भाड्याने दिला. पैशाची एक बाजू अशी घराबाहेर न पडता सावरली गेली.  याच काळात मुले संघाच्या शाखेत जाऊ लागली. मुलांच्या वागण्याबोलण्यात पडलेला फरक आईच्या नजरेतून सुटला नाही. वडिलांच्या अभावी जी शिस्त, जी मैदानावरची सोबत मुलांना मिळाली नसती, ती संध्याकाळच्या त्या एका तासात मिळत होती. मग त्यांच्या मनात प्रश्न आला की, मुलांना मिळते ते मुलींना आणि स्त्रियांना का मिळू नये? डॉ. हेडगेवारांशी त्यांनी याच विषयावर चर्चा केली आणि २५ ऑक्टोबर १९३६ रोजी, विजयादशमीस, वर्ध्यात समितीचे कार्य सुरू झाले. या कामासाठी त्या सायकल चालवावयास शिकल्या. त्या काळच्या वर्ध्यात एका विधवेने सायकलवर बसणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या मुलींना यावयाची नाही.

घर एका बाजूस आणि कार्य दुसऱ्या बाजूस, असा तराजू त्यांनी धरलाच नाही. घरात जे उणे भासले तेच कार्याचे बीज झाले.

आता कोणी म्हणेल, भाड्याने देण्याजोगे घर तरी त्यांच्याजवळ होते. म्हणणे बरोबर आहे. डोंबिवलीच्या दोन खोल्यांतून सकाळची लोकल पकडणाऱ्या आईजवळ ती सोय कोठून असणार? मूल तापाने फणफणले की तिला रजा आणि पगार यांतून एक निवडावे लागते. पालकसभा नेमकी कामाच्या दिवशी, सकाळी अकराला असते. एकत्र कुटुंब असते तर ही वेळ आली नसती, असे आपल्याकडे चटकन म्हटले जाते. पण त्या कुटुंबातल्या माजघरात विधवेच्या वाट्याला काय येत असे, हेही प्रामाणिकपणे आठवावे. जुन्या घराचा आधार हवा, त्यातली अवहेलना नको.

शासनाने काही पावले उचलली आहेत. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. ती २०१८ मध्ये एकट्या पुरुष पालकांनाही लागू झाली. बापालाही मूल सांभाळावे लागते, हे सरकारदरबारी मान्य व्हावयास दहा वर्षे लागली! पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय २०१७ च्या सुधारित मातृत्व लाभ कायद्याने बंधनकारक केली. महाराष्ट्रात एक पालक गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेचे मासिक साहाय्य आहे. पण दुकानात उभी राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी आई रजेच्या या नियमांत बसत नाही, आणि योजनेचा अर्ज भरण्यासाठी कचेरीत खेटे घालावयाचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. तो अर्ज तिच्या वतीने नेऊन देणे हे एखाद्या कार्यकर्त्याचे दोन सकाळींचे काम आहे. शेजारच्या मुलाबरोबर तिच्या मुलाला शाळेतून आणणे तर तेवढेही नाही.

पैशाइतकीच मानाचीही गोष्ट आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवांवर लादल्या जाणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या सोसायटीतल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी कोणती नावे गाळून तयार होते, हे येथील भगिनींनी मनाशी तपासावे. मुलाच्या मुंजीत त्याच्याच आईला मागच्या रांगेत बसविणारी घरे सुशिक्षितांतही आहेत.

मावशींच्या चरित्रातील एक प्रसंग सांगून थांबावयाचे आहे. ऑगस्ट १९४७. फाळणीच्या वणव्यात सिंधमधील सेविकांना धीर देण्यासाठी मावशी कराचीस गेल्या. सारे लोक तेथून इकडे येत होते, त्या वेळी त्या तिकडे जात होत्या. पंधरा वर्षांपूर्वी ज्या घराचे कसे होणार म्हणून गाव हळहळले होते, ते वर्ध्याचे घर मागे ठेवून त्या निघाल्या होत्या.