'फाइन'चा अर्थ

आज एका छोट्याशा इंग्रजी शब्दाविषयी बोलणार आहे. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही तो ठाऊक असतो. तो शब्द म्हणजे 'फाइन'.

त्याची माझी ओळख कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. पुस्तक उशिरा परत केलं म्हणून 'फाइन' भरावा लागला. त्याच आठवड्यात सरांनी माझ्या निबंधाखाली 'फाइन' असा शेरा दिला आणि मी दिवसभर हवेत होतो! पुढे कळलं, सोनाराकडे 'फाइन' म्हणजे शुद्ध, कापडाच्या दुकानात तलम आणि पिठाच्या बाबतीत बारीक. आपल्याकडे पाच शब्द लागतात, तिथं इंग्रजीचं एकावर भागतं.

कोश उघडला, तर या सगळ्यांचं मूळ एकच निघालं. लॅटिन भाषेतला 'फिनिस', म्हणजे शेवट. जुन्या इंग्लंडमध्ये पैसे भरून वादाचा शेवट करत, त्यातून दंड आला. जे अगदी शेवटापर्यंत, पूर्णत्वाला नेलं, ते उत्तम, नाजूक. 'फिनिश', 'फायनल', इतकंच काय, 'फायनान्स'सुद्धा याच घराण्यातले.

माझा मुलगा परगावी नोकरीला होता. रोज रात्री फोनवर मी विचारायचो, "कसा आहेस, बेटा?" तो म्हणायचा, "फाइन, अब्बा." मी निर्धास्त झोपायचो. तीन महिन्यांनी त्याच्या मित्राकडून कळलं, की नोकरी केव्हाच गेली होती. पोरगं एक वेळ जेवून दिवस काढत होतं. शब्दांशी खेळण्यात उमर घालवलेल्या बापाला हा एक शब्द कळला नव्हता.

पूर्वी आम्हीही पत्रात 'इकडील सर्व खुशाल' असं लिहीत असू. 'खुशाल' हा फारसीतून आलेला, आता पक्का मराठी झालेला शब्द. पण त्याच्यापुढं पत्र थांबत नसे. खालच्याच ओळीत पाऊस नसल्याचं, म्हैस आटल्याचं, अम्मीचे गुडघे दुखत असल्याचं सगळं येई. 'खुशाल'नं पत्र सुरू व्हायचं. 'फाइन'नं बोलणंच संपतं. शेवटी शब्द आपल्या मुळावर गेलाच म्हणायचा.

आता मी मुलाला "कसा आहेस?" असं विचारत नाही. विचारतो, "आज काय जेवलास?" याचं उत्तर 'फाइन' असं देता येत नाही.