बाडाचा इतिहास आणि बाडाचे घर



आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी गोंडी भाषेची जुनी हस्तलिखिते सापडली. त्या लिपीला २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि गूगलच्या ‘नोटो’ मालिकेत तिचा फॉन्टही आला. हा फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे. त्याच्या मूळ फायली गिटहबवर आहेत. कोणीही त्या पाहाव्यात, दुरुस्ती सुचवावी. उद्या आपल्यापैकी कोणी मराठी, गोंडी आणि तेलुगू शब्दांचा खुला कोश किंवा कळफलक करायला घेतला, तर पहिल्याच दिवशी दोन प्रश्न उभे राहतील. बदलांची नोंद कशी ठेवायची, आणि काम कोणाच्या घरी ठेवायचे? पुष्कळांना हा एकच प्रश्न वाटतो. ते दोन आहेत, एवढेच मला आज सांगायचे आहे.

माझ्या पेशातले उदाहरण घ्या. हानेमान यांचा ‘ऑर्गेनॉन’ १८१० साली निघाला. त्यांच्या हयातीत पाच आवृत्त्या झाल्या. सहाव्या आवृत्तीचे काम त्यांनी १८४२ मध्ये पुरे केले आणि पुढच्या वर्षी ते वारले. पाचव्या आवृत्तीच्या प्रतीतच खोडून, जोडून त्यांनी बदल लिहिले होते. नोंद चोख होती. पण प्रत एक, आणि ती वारसांच्या ताब्यात. ती छापून आली १९२१ साली. तोवर आमच्या पिढ्यान् पिढ्या पाचवीवरच चालल्या.

पहिल्या प्रश्नाचे आजचे उत्तर ‘गिट’. लिनक्सचे काम आधी बिटकीपर या खासगी साधनावर चाले. त्याची फुकट वापराची सवलत २००५ मध्ये संपली, तेव्हा लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहिले. जुन्या सबव्हर्जनमध्ये पूर्ण इतिहास एका मध्यवर्ती संगणकावर असतो. गिटमध्ये काम उतरवून घेणाऱ्याकडे साधारणपणे पूर्ण इतिहासच येतो. प्रत्येक बदल म्हणजे केस पेपरवरची एक ओळ: तारीख, नाव आणि कारण. काय बदलले ते यंत्र दाखवते; का बदलले ते माणसानेच लिहायचे असते. एखाद्या गावातल्या गुरुजींनी शब्दाचा अर्थ सुधारला, तर त्यांचे नाव त्या ओळीत राहिले पाहिजे.

दुसरा प्रश्न घराचा. ‘गूगल कोड’वर असंख्य खुली कामे होती. मार्च २०१५ मध्ये ते बंद होणार असे जाहीर झाले आणि जानेवारी २०१६ मध्ये ते बंद झाले. एवढ्या मोठ्या कंपनीचे घरही भाड्याचेच. गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतले. तरी मी नव्या कामाला गिटहबच सुचवीन, कारण मदत करणारे बहुतेक लोक तिथे आधीच असतात. मात्र दुसरी प्रत गिटलॅबवर किंवा जर्मनीतली ना-नफा संस्था चालवते त्या कोडबर्गवर ठेवावी. गिटलॅबची खुली आवृत्ती स्वतःच्या संगणकावरही बसवता येते.

इथे एक खाच आहे. घर बदलताना गिट फायली आणि त्यांचा इतिहास सोबत आणते. पण त्या घरात झालेल्या चर्चा, तक्रारी, वादविवाद आपोआप येत नाहीत. कोशात तर अमुक शब्द का घेतला, हा वादच मोलाचा. म्हणून महत्त्वाचे निर्णय साध्या मजकुराच्या फायलीत, कामाच्या सोबतच लिहून ठेवावेत. खाते एकाच्या नावावर नको. किमान तिघांकडे किल्ल्या असाव्यात. परवान्याची फाईल पहिल्याच दिवशी घालावी.

आणि वर्षातून एकदा, समजा दिवाळीनंतर, दुसरी प्रत एखाद्या परक्या संगणकावर उतरवून ती उघडते का, हे पाहावे. उघडली, तर काम आपले आहे. नाही उघडली, तर ते अजून घरमालकाचेच आहे.