नेट मंद? तक्रार क्रमांक घ्या!

(ढोकी येथील बैठकीतील बोलणे)

तायांनो, नेट गोल गोल फिरत बसलं की बचतीची नोंद रखडते. बँक सखीकडं आलेली आजी रिकाम्या हातानं परत जाते. 'गावाला रेंजच न्हाई' म्हणून गप्प बसू नका. रिचार्जचे पैसे आपण आगाऊ भरतो.

आधी घरात तपासा. रोजचा डेटा संपला की वेग आपोआप उतरतो. लेकरांनी व्हिडिओ बघून संपवलाय का? फोन बंद करून चालू करा. शेजारणीचं त्याच कंपनीचं कार्डही मंद असेल, तर अडचण बहुधा टॉवरकडची.

मग चार दिवस सकाळ-संध्याकाळ ट्रायच्या 'मायस्पीड' ॲपवर वेग मोजा. तारीख, वेळ वहीत लिहा. 198 ला फोन लावा, तो फुकट आहे. ठेवण्याआधी तक्रार क्रमांक मागाच. क्रमांकाशिवाय तक्रार म्हणजे पावतीशिवाय भरलेला हप्ता!

उत्तर पटलं नाही, तर मुदत संपल्यापासून 30 दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडं जा. फी नाही, निकाल 39 दिवसांत द्यावा लागतो. ट्राय एकेकीची तक्रार सोडवत नाही. पुढं 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, धाराशिवला जिल्हा ग्राहक आयोग आहे.

नंबर तोच ठेवून कंपनीही बदलता येते; आधी आपल्या गल्लीत कोणतं कार्ड चालतं ते विचारा. 'नेट सुधारतो' म्हणून कुणी ओटीपी मागितला तर अजिबात देऊ नका.

पुढच्या बैठकीला ज्यांचं नेट मंद, त्यांनी वहीत तक्रार क्रमांक लिहून आणा. सगळ्यांचे एकत्र करून पाठवू.